शेकडा दोन
(वाचकांचे प्रश्न : पैसा, बाजार आणि व्यवसाय)

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवून वाचली. एक पत्र व्याजाने पैसे देऊ पाहणाऱ्या भगिनीचे आहे आणि दुसरे व्याजाने पैसे घेऊ पाहणाऱ्या तरुणाचे. दोघेही इंदूरचे, दोघांची एकमेकांशी ओळख नाही, परंतु दोघांच्या पत्रांत व्याजाचा दर एकच आहे : दरमहा शेकडा दोन. म्हणून त्यांची उत्तरे सविस्तर दिली आहेत. बाकीच्या दोन पत्रांना त्या मानाने कमी जागा मिळाली आहे.

प्रश्न : माझे यजमान मार्चमध्ये निवृत्त झाले. त्यांचे वय ६० आहे. मिळालेल्या रकमेतून २० लाख रुपये आम्ही बाजूला ठेवले आहेत. भाच्याच्या ओळखीचे सियागंजातील एक घाऊक व्यापारी दरमहा शेकडा दोनने रक्कम ठेवून घेतात, चिठ्ठी लिहून देतात आणि पुढच्या तारखेचा चेकही देतात. भाच्याच्या सासऱ्यांना गेली दोन वर्षे दर महिन्याच्या पाच तारखेला व्याज घरपोच मिळते आहे. बँक सात टक्क्यांच्या वर जायला तयार नाही. भाच्याच्या भिडेखातर ५० हजार रुपये रोख दिले आहेत. उरलेली रक्कम द्यावी का?
– एक भगिनी, नारायण बाग

उत्तर : ताई, उरलेली रक्कम देऊ नये, आणि दिलेले ५० हजारही परत मागावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ते व्यापारी अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखतही नाही. हा सगळा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो हिशेब आपण स्वतः कागदावर मांडून पाहावा असे मला मनापासून वाटते.

दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षाला २४ टक्के. दर महिन्याचे व्याज पुन्हा मुद्दलात मिळवत गेल्यास पावणेसत्तावीस टक्क्यांच्या वर. आता व्यापाऱ्याच्या गादीवर बसून विचार करा. समजा, तो डाळ, साखर आणि तेल विकतो. घाऊक किराण्यात एका फेऱ्यात शंभर रुपयांच्या मालामागे तीन रुपये सुटले तरी व्यापारी समाधानी असतो. त्या तीन रुपयांतून हमाली जाते, गोदामाचे भाडे जाते, मुनीमाचा पगार जातो, आणि कोणा किरकोळ दुकानदाराने उधारी बुडवली तर तीही त्यातूनच भरून काढावी लागते. हे सगळे वजा जाऊन आपल्या पैशासाठी दर महिन्याला पूर्ण दोन रुपये उरायचे असतील, तर माल महिन्यातून दोनदा तरी फिरला पाहिजे, आणि तोही बाराही महिने, एकही फेरा वाया न जाता. सणासुदीच्या आधी पंधरा-वीस दिवसांची निकड भागवण्यासाठी एखादा व्यापारी या दराने रक्कम उचलतो, हे मी समजू शकतो. पण जो सलग दोन वर्षे हा दर देत आहे, त्याला तो देणे भाग पडत आहे.

ज्याची वही स्वच्छ आहे, गोदामात माल दिसतो आहे आणि जीएसटीची विवरणे वेळेवर भरलेली आहेत, अशा व्यापाऱ्याला बँक साधारण दहा-बारा टक्क्यांच्या आसपास कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा उचलता येणारे कर्ज, देते. अकरा टक्क्यांचा पैसा दाराशी उभा असताना तो चोवीस टक्क्यांचा पैसा आपल्याकडून का मागतो? एकतर बँकेने त्याला नाही म्हटले असेल, किंवा बँकेची मर्यादा आधीच भरली असेल, किंवा जुन्या लोकांचे व्याज नव्या लोकांच्या मुद्दलातून दिले जात असेल. चौथे कारण मला तरी माझ्या नोकरीच्या वर्षांत आढळले नाही.

भाच्याच्या सासऱ्यांना दोन वर्षे व्याज वेळेवर मिळाले, हा मुद्दा आपल्याला सर्वांत भरवशाचा वाटतो आहे, आणि मला काळजी वाटते ती नेमकी त्याचीच. दरमहा शेकडा दोनने आपले स्वतःचे मुद्दल व्याजाच्या रूपाने परत येण्यास ५० महिने लागतात. चार वर्षे आणि दोन महिने! तोवर मिळणारा प्रत्येक रुपया कमाई म्हणून खर्च होतो, आणि मुद्दल मात्र पूर्णपणे दुसऱ्याच्या हातात राहते. दोन वर्षांत सासऱ्यांना शंभरातले ४८ रुपये मिळाले. उद्या पेढी बसली तर त्यांचे ५२ रुपये बुडाले असे होईल.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे वडील कापड मार्केटात मुनीम होते. तिथल्याच एका पेढीवर त्यांनी शेकडा दीडने १० हजार रुपये ठेवले होते, जे त्या काळी आमच्या घराच्या दृष्टीने फार मोठे होते. दर महिन्याला बदामी रंगाच्या पाकिटात १५० रुपये येत. पाकिटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने महिन्याचे नाव लिहिलेले असे. आई ती रिकामी पाकिटे टाकून न देता पितळी डब्यात ठेवी, कारण त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा हिशेब मांडता येई. पेढी बंद झाल्याचे कळले त्या संध्याकाळी तिने डबा उघडून पाकिटे मोजली. एकतीस निघाली. म्हणजे आले ४,६५० आणि गेले १० हजार. त्यानंतर कितीतरी दिवस वडील कामावरून घरी येताना त्या गल्लीतून न येता वळसा घालून येत.

आता चिठ्ठी आणि चेक यांविषयी. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो. तो न वटता परत आल्यास, तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, पुढे समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. हा कायदा उपयोगाचा आहे, पण ज्याच्याकडे देण्यासारखे काही उरलेले नाही त्याच्याकडून कायदाही काही काढू शकत नाही. शिवाय व्यवसाय बुडाला की मालावर तारण असलेली बँक रांगेत आपल्यापुढे उभी असते. इंदूरकरांना हे वेगळे सांगायला नको. १९९२ साली बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचा सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश डिसेंबर २०२३ मध्ये सुपूर्द झाला. ज्यांच्या हक्काला कायद्याचा भक्कम आधार होता त्यांची ही गत, तर साध्या चिठ्ठीवर दिलेल्या रकमेचे काय होईल याचा विचार करावा.

आणखी दोन गोष्टी. २० हजार किंवा त्याहून अधिक रक्कम कर्ज अथवा ठेव म्हणून रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि त्याचा दंड घेणाऱ्याला होतो. आपले ५० हजार रोख गेले आहेत, म्हणजे हा व्यवहार त्यांच्या वहीत असेलच असे नाही. तेव्हा आजच त्यांच्या सहीची, तारीख घातलेली पोच घ्या, आणि रक्कम बँक खात्यातूनच परत करण्याची विनंती पत्राने करा. भाच्याला वाईट वाटेल, पण ते नंतरच्या वाईटापेक्षा फार कमी असेल. दुसरी गोष्ट म्हणजे, धंदा म्हणून लोकांकडून नोंदणीविना ठेवी गोळा करणे २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहे. नातेवाइकांतली उसनवारी त्यातून वगळली आहे, परंतु आपण त्या व्यापाऱ्यांच्या नातेवाईक नाही.

मग २० लाखांचे काय करावे? यजमानांच्या नावे पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते उघडता येते. तिची मर्यादा २०२३ साली ३० लाख झाली आणि व्याजदर त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ८.२ टक्के झाला. दराचा आढावा दर तिमाहीस घेतला जातो, म्हणून जाण्याआधी चालू दर विचारून घ्या. एकदा रक्कम भरली की पाच वर्षे तोच दर राहतो. ८.२ टक्क्यांनी २० लाखांचे वर्षाला १ लाख ६४ हजार, म्हणजे दर तीन महिन्यांनी ४१ हजार हाती येतात. या २० लाखांतले दोन-तीन लाख अडीअडचणीसाठी बँकेच्या मुदत ठेवीत ठेवावेत. बँकेतल्या ठेवीला एका व्यक्तीमागे एका बँकेत, सर्व शाखा मिळून, व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होते. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना मात्र नाही. आपल्या समाजात पतसंस्थेला सर्रास ‘आपली बँक’ म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न : राजेंद्रनगरात घरामागच्या शेडमध्ये आम्ही शेव आणि फरसाण करतो. महिन्याला ३ लाखांचा माल जातो आणि सगळा खर्च २ लाख ४० हजार येतो. वहीत ६० हजार नफा दिसतो, पण बेसनवाल्याला द्यायला गल्ल्यात पैसे नसतात. दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देतात. आता ४ लाखांच्या मालाची मागणी आहे. एक दलाल शेकडा दोनने ५ लाख मिळवून देतो म्हणतो. घ्यावेत का? आणि नफा असूनही पैसा जातो कुठे?
– एक तरुण उद्योजक, राजेंद्रनगर

उत्तर : तुमचा नफा खरा आहे, पण तो दुकानदारांच्या फळ्यांवर बसलेला आहे. बेसन, तेल, गॅस आणि कामावरच्या बायकांची मजुरी हे तुम्ही आज देता. विक्रीचे पैसे साठ दिवसांनी येतात. म्हणजे कोणत्याही दिवशी दोन महिन्यांचा माल, ६ लाखांचा, बाहेर असतो आणि त्यात तुमच्या खिशातून गेलेले ४ लाख ८० हजार असतात. विक्री ४ लाखांवर गेली, तर त्याच हिशेबाने खिशातले ६ लाख ४० हजार बाहेर अडकतील. धंदा वाढला म्हणून १ लाख ६० हजार जादा उभे करावे लागतील, आणि तेही वाढीव नफ्याचा पहिला रुपया दिसण्याच्या आधी. मागणी वाढत असताना कितीतरी चांगले कारखानदार अडचणीत येतात ते याच वळणावर, आणि त्यांना वाटते की आपल्याच हिशेबात कुठेतरी चूक आहे.

५ लाखांवर शेकडा दोन म्हणजे महिन्याला १० हजार रुपये. तुमच्या ६० हजारांचा सहावा हिस्सा. घरखर्चाला तुम्ही ४५ हजार काढत असाल असे धरले, तर उरतात ५ हजार. त्यातून ५ लाखांचे मुद्दल फेडायला १०० महिने लागतील, आणि एकही महिना मंदा जाता कामा नये. म्हणून हे कर्ज घेऊ नका. शिवाय दलाल तुम्हाला देणार तो पैसा कोणाचा? नारायण बागेतल्या ताईंसारख्या कोणाच्या तरी निवृत्तीचा. त्यांचे व्याज तुमच्या कढईतून निघायचे आहे, आणि त्या कढईत तेवढे तेल नाही.

पैसा तुमच्याच उधारीत आहे. तो आधी काढा. आज रात्री एका कागदावर प्रत्येक दुकानदाराचे नाव लिहा आणि समोर तीस दिवसांच्या आतले, तीस ते साठ दिवसांचे आणि साठ दिवसांवरचे येणे असे तीन रकाने करा. माझा अनुभव असा की तिसऱ्या रकान्यातली बहुतेक रक्कम तीन-चार नावांवरच असते. त्या दुकानांत पुढचा माल जुने पैसे हाती आल्यावरच टाका. एखादे दुकान तुटेल, तुटू द्या. उरलेल्यांना सांगा की दहा दिवसांत पैसे दिल्यास शेकडा दोन सूट. पन्नास दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी दोन टक्के सोडणे वर्षाच्या हिशेबाने सुमारे १५ टक्के पडते, म्हणजे दलालाच्या चोवीसपेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि मुख्य म्हणजे त्यात डोक्यावर मुद्दल राहत नाही.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी, झाली नसेल तर ती आधी करा. तिला शुल्क लागत नाही. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज लागू होते. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही अशी तरतूद आली की, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला खर्च म्हणून दाखवता येत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला याची झळ फारशी लागणार नाही. परंतु मोठी साखळी दुकाने किंवा वितरक तुमचे गिऱ्हाईक असतील, तर त्यांच्या हिशेबनिसाला ही तरतूद पाठ असते, आणि बिलावर तुमचा उद्यम क्रमांक छापलेला असणे एवढेच पुष्कळदा पुरे होते. एवढे करूनही तूट राहिली, तर वसुलीचा तो कागद घेऊनच बँकेत जा आणि २ लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मागा. पाच लाखांची तुम्हाला गरजच नाही.

प्रश्न : सांवेरजवळ आमची वडिलोपार्जित शेती आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने खाद्यतेलाचे आयात शुल्क वाढवले, तेल महाग झाले, पण आमच्या सोयाबीनचा भाव हमीभावाच्याही वर गेला नाही. असे का? माल धरून ठेवावा की काढावा?
– एक वाचक, सुदामानगर

उत्तर : सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण बाजार तिच्याकडे मुख्यतः पेंड म्हणून पाहतो. एक क्विंटल सोयाबीन गाळले की साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोंच्या आसपास पेंड निघते. समजण्यापुरते आकडे धरा : तेल किलोला १२० रुपये आणि पेंड ३५ रुपये. तेलाचे झाले २,१६० आणि पेंडीचे २,८००. आता तेल दहा टक्क्यांनी चढले तर क्विंटलमागे २१६ रुपये वाढतात, आणि त्याच वेळी पेंड दहा टक्क्यांनी उतरली तर २८० रुपये जातात. तेल महागूनही प्लांटवाला तुम्हाला कमी भाव देऊ शकतो, आणि त्यात त्याची लबाडी असेलच असे नाही.

त्या हंगामात बरेचसे असेच घडले. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या सोयातेलावरचे एकूण शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेले. परंतु ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या पेंडीपुढे आपली पेंड परदेशात महाग पडत होती, आणि देशात मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, कोंबड्यांच्या खाद्यात सोयापेंडीची जागा घेऊ लागला होता. हमीभाव ४,८९२ रुपये असूनही मंडीतले सौदे त्याच्या खाली होत राहिले. पुढे मे २०२५ अखेर शुल्क पुन्हा उतरवले गेले. त्यातच सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, २० डिसेंबर २०२१ रोजी बाजार नियामक सेबीने स्थगित केले आणि ती स्थगिती पुढे वाढत गेली, त्यामुळे चार महिन्यांनंतर भाव कसा राहील याचा जो काही अंदाज पूर्वी वायद्यांवरून बांधता येत असे, तोही शेतकऱ्याला उरला नाही. मला व्यक्तिशः हे नुकसान मोठे वाटते.

धरून ठेवण्याचा हिशेब असा. क्विंटलला ४,४०० रुपये भाव असताना माल चार महिने ठेवला आणि पैशाची किंमत महिन्याला एक टक्का धरली, तर १७६ रुपये तिथेच गेले. वर गोदाम भाडे, आणि वाळल्याने घटणारे वजन. म्हणजे साडेचार हजारांच्या बरेच वर भाव गेला तरच तुम्ही बरोबरीत येता. अंगावर कर्ज नसेल, तर निम्मा माल हंगामात काढून उरलेला दोन हप्त्यांत विकावा. कर्ज असेल तर धरू नये. पेरणीच्या वेळी कोणाकडून शेकडा दोनने उचल घेतली असेल, तर पहिल्याच बैलगाडीचे पैसे तिकडे गेले पाहिजेत.

प्रश्न : फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेचे हरित रोखे (पर्यावरणपूरक कामासाठी काढलेले कर्जरोखे) घेतले होते. शेअर बाजारात त्यांची किंमत कमी-जास्त होताना दिसते. महापालिका अडचणीत आहे का?
– एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर

उत्तर : किंमत हलते म्हणजे पालिका डगमगते असे नाही. तुमच्या रोख्याचा व्याजदर ८.२५ टक्के असा कायमचा ठरलेला आहे, म्हणजे पूर्ण १,००० रुपयांवर वर्षाला साडेब्याऐंशी रुपये. बाहेर व्याजाचे दर चढले की याच साडेब्याऐंशी रुपयांसाठी लोक १,००० पेक्षा कमी द्यायला तयार होतात. दर उतरले की जास्त. तुम्ही मुदतीपर्यंत ठेवणार असाल, तर ही हालचाल तुमच्यासाठी बिनकामाची आहे.

मला हा रोखा आवडतो तो व्याजापेक्षा दुसऱ्या कारणाने. २४४ कोटी रुपयांची ही रक्कम जलूद येथे नर्मदेचे पाणी उपसायला लागणाऱ्या विजेसाठी ६० मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याकरिता घेतलेली होती. सामान्य माणसाला घेता येईल अशा जाहीर विक्रीने हरित रोखे काढणारी ही देशातली पहिली महापालिका. या पैशातून वीजबिलात बचत व्हायची आहे, आणि तो प्रकल्प तुम्हाला स्वतः जाऊन पाहता येतो. सियागंजातल्या चिठ्ठीबाबत असे काही दाखवता येत नाही.

मात्र एक काम करा. प्रत्येक रोखा २५० रुपयांच्या चार भागांचा असून ते भाग रोखे निघाल्यापासून अनुक्रमे तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांनी परत करण्याचे ठरलेले आहे. ही रक्कम आणि सहामाही व्याज तुमच्या डीमॅटला जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. तुम्ही पत्रात लिहिले आहे की मधल्या काळात मुलाकडे राहायला गेल्यामुळे जुने बचत खाते बंद केले. तेव्हा डीमॅट खात्यात नवा खाते क्रमांक नोंदवला आहे का ते या आठवड्यातच तपासा, आणि नसल्यास आजवरच्या व्याजाच्या तारखा घेऊन रोख्यांच्या रजिस्ट्रारकडे लेखी चौकशी करा.